वादप्रसंगीच्या वनस्पती : पाठामूळ, बेलभंडार आणि हळकुंड

न्यायसभेपुढे उभे राहण्याची वेळ आली असता माणूस कागदपत्रे व साक्षीदार यांच्याबरोबरच एखादी मुळी, पान किंवा फळ जवळ बाळगतो, ही गोष्ट जगाच्या अनेक भागांत आढळून येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय समाजात ‘हूडू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकविद्येत तर कोर्टकचेरीसाठी म्हणून वेगळ्या मुळ्याच सांगितलेल्या आहेत. महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर व त्यालगतच्या कृष्णाकाठच्या प्रदेशातील परंपरेचा या दृष्टीने विचार करू लागताच एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. ती अशी की, येथे वनस्पती वादात दोन परस्परविरुद्ध नात्यांनी अवतरते. एका प्रकारात ती बोलणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या शब्दाशी बांधते; दुसऱ्या प्रकारात ती प्रतिपक्षाची जीभ बांधते. पहिल्या प्रकारात ती चारचौघांसमक्ष हातात उचलली जाते; दुसऱ्या प्रकारात ती कनवटीला लपवली जाते. हे दोन्ही प्रकार ‘लोकभ्रम’ या एकाच सदरात घालण्याची रीत पडून गेली आहे. तथापि ते वेगळे काढून पाहिल्यास वनस्पतीविषयीच्या समजुतींइतकीच न्यायसंस्थेविषयीही माहिती हाती लागते. हे वेगळेपण स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पाठामूळ

वाद जिंकण्यासाठी मुळी वापरण्याचा एक अत्यंत प्राचीन उल्लेख अथर्ववेदात सापडतो. दुसऱ्या कांडातील सत्ताविसावे सूक्त ‘पाटा’ नावाच्या वनस्पतीस उद्देशून आहे. प्रतिवाद्याच्या बोलण्याचा पराभव व्हावा, त्याचे शब्द नीरस व्हावेत, अशी तेथे प्रार्थना आहे. ही वनस्पती गरुडाने शोधली, वराहाने मुसकटाने उकरून काढली आणि असुरांचा पराभव करण्यासाठी इंद्राने ती बाहूवर बांधली, असे तिचे माहात्म्य सांगितले आहे. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषांतरात हे सूक्त वादातील प्रतिपक्षाविरुद्धचे म्हणूनच दिले आहे.

या सूक्ताचा विनियोग कौशिकसूत्राच्या अडतिसाव्या कंडिकेत येतो. वाद जिंकू इच्छिणाऱ्याने पाटेचे मूळ चघळत ईशान्येच्या बाजूने सभेत यावे, मूळ तोंडात असतानाच बोलावे, ते अंगावर बांधावे आणि तिच्या सात पानांची माळ धारण करावी, असा हा विधी आहे. आयुर्वेदात हीच वनस्पती ‘पाठा’ या नावाने येते. मराठीत तिला पहाडवेल म्हणतात आणि सिसॅम्पेलॉस परेरा हे तिचे शास्त्रीय नाव सामान्यतः स्वीकारले गेले आहे. सह्याद्रीच्या जंगलात ही वेल आढळते व तिचे मूळ चवीला कडू असते.

या विधीतील दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, मुळीचे स्थान तोंड हे आहे. वाद हा वाणीचा व्यवहार असल्यामुळे उपचारही वाणीच्या इंद्रियावरच होतो. दुसरी बाब अशी की, विधीचा रोख सत्यासत्याच्या निर्णयाकडे नाही. आपली बाजू खरी आहे किंवा नाही, याविषयी सूक्त मौन पाळते. प्रतिपक्ष निष्प्रभ व्हावा, एवढेच ते मागते.

पुढील काळातील तंत्रग्रंथांत हीच मागणी शास्त्रबद्ध झालेली दिसते. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन व मारण या षट्कर्मांपैकी स्तंभनात वाक्स्तंभनाचा, म्हणजे दुसऱ्याची वाणी खिळवून टाकण्याचा, समावेश होतो. ही इच्छा केवळ भारतीय आहे असेही नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या व चौथ्या शतकांत अथेन्समधील पक्षकार शिशाच्या पत्र्यावर प्रतिपक्षाची व त्याच्या साक्षीदारांची नावे कोरून, त्यांची जीभ बांधली जावी म्हणून ते पत्रे जमिनीत पुरत असत. क्यूरिओ नावाचा रोमन वक्ता एका खटल्यात बोलता बोलता सारे भाषणच विसरला आणि प्रतिपक्षातील टिटिनिया या स्त्रीच्या मंत्रतंत्रावर त्याने त्याचे खापर फोडले, ही हकीकत सिसेरोने आपल्या ‘ब्रूटस’ या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे.

२. शपथ आणि दिव्य

वनस्पतीचे दुसरे कार्य याच्या अगदी उलट दिशेचे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार लेख, भुक्ती आणि साक्षी ही वादातील प्रमाणे होत. यांपैकी एकही उपलब्ध नसेल तेव्हाच दिव्याचा अवलंब करावयाचा असतो. म्हणजे दिव्य हे मानवी पुराव्याच्या अभावी योजलेले प्रमाण आहे. या विषयाचे सविस्तर विवेचन महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात आले आहे.

दिव्यांमध्ये वनस्पतींचे स्थान लक्षणीय आहे. अग्निदिव्यात प्रथम तळहातांवर भात चोळून पूर्वीच्या खुणा टिपून ठेवल्या जात. नंतर पिंपळाची सात पाने हातांवर ठेवून ती सुताने बांधली जात व त्यांवर तापवलेला लोखंडी गोळा देण्यात येई. विषदिव्यात हिमालयात उत्पन्न होणारे शार्ङ्ग विष, म्हणजे बचनागाच्या जातीचे मूळ, तुपात कालवून दिले जाई. तंदुलदिव्य मुख्यत्वे चोरीच्या आरोपात योजले जाई. संशयिताने तांदूळ चावून पिंपळाच्या पानावर किंवा भूर्जपत्रावर थुंकावयाचे. थुंकीत रक्त दिसले किंवा अंगास कंप सुटला, तर तो दोषी ठरे.

यांपैकी तंदुलदिव्याची पाठामुळीशी तुलना उद्बोधक ठरते. भयाने तोंडास कोरड पडते, हे शरीरशास्त्राला मान्य आहे. कोरड्या तोंडाने कच्चे तांदूळ चावणे कठीण जाते आणि हिरड्यांना इजा होण्याचा संभव वाढतो. उलटपक्षी कडू किंवा तिखट मूळ चघळल्याने लाळ सुटते. म्हणजे एक वनस्पती भयामुळे पडलेली कोरड उघडी पाडते, तर दुसरी तीच कोरड झाकते. अर्थात भय हे अपराधाचे लक्षण नव्हे. निरपराध माणूसही सभेपुढे गांगरतो आणि निर्ढावलेला अपराधी शांत राहू शकतो. यास्तव या विधींत थोडे शरीरशास्त्रीय तथ्य असले, तरी न्यायनिर्णयाचे साधन म्हणून ते विश्वसनीय ठरत नाही.

मराठा अमदानीतील न्यायपद्धतीची साधने विपुल आहेत. वि. त्र्यं. गुणे यांचा या विषयावरील प्रबंध डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. वतनाच्या वादात उभय पक्षांकडून राजीनामा, म्हणजे निर्णय मान्य करण्याची कबुली, व जामीन घेतले जात. नंतर गोतसभा साक्षी ऐकून निर्णय करी व तो महजरात नमूद होई. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल केली जाई. साक्षीदारास खरे बोलण्याविषयी बजावताना त्याच्या बेचाळीस पूर्वजांची आठवण दिली जाई. दिव्यांपैकी रवादिव्य, म्हणजे कढत तेलतुपातून धातूचा तुकडा काढणे, या काळात विशेष प्रचारात होते. दिव्यानंतर हातांना पिशव्या बांधून त्यांवर मोहोर केली जाई व ठरलेल्या दिवशी गोतासमक्ष हात तपासले जात.

दिव्य हा अखेरचा उपाय होता. त्याहून पुष्कळच नित्याची गोष्ट म्हणजे शपथ. शपथेत बेलाचे पान, तुळशीपत्र किंवा खंडोबाचा भंडारा हाती घेतला जाई. ‘बेलभंडार उचलणे’ हा वाक्प्रचार मराठीत याच प्रथेतून रूढ झाला. ‘बेलभाकर’ व ‘बेलरोटी’ हे शब्दही वचन व अभय यांच्या संदर्भात मराठी कागदपत्रांत येतात. येथे बेलाचे पान प्रतिपक्षाला काहीही करीत नाही. ते उचलणाऱ्यालाच गुंतवते. शब्द खोटा ठरला तर देवतेचा कोप स्वतःवर व स्वतःच्या कुळावर ओढवेल, हे तो सर्वांसमक्ष मान्य करतो.

३. एकच कंद, दोन कार्ये

वरील दोन प्रकार वनस्पतींच्या भिन्न गुणधर्मांमुळे निर्माण झाले असावेत, असा तर्क संभवतो. हळदीचे उदाहरण तो तर्क खोडून काढते.

खंडोबाचा भंडारा म्हणजे हळदीची पूड. शपथेच्या वेळी तो उचलला की हळद साक्षी होते. परंतु त्याच हळकुंडांची माळ ही बगलामुखीच्या जपाचे साधन आहे. दशमहाविद्यांपैकी ही देवता पीतवस्त्रा असून एका हाताने शत्रूची जीभ ओढून धरते व दुसऱ्या हाताने गदा उगारते. वाक्स्तंभनाची अधिष्ठात्री म्हणून कोर्टातील यशासाठी तिची उपासना केली जाते. मध्यप्रदेशातील दतिया व नलखेडा येथील तिची स्थाने या कारणासाठी प्रसिद्ध आहेत. अशा रीतीने एकच कंद एका हातात सत्याची जामीनकी देतो, तर दुसऱ्या हातात प्रतिपक्षाचे तोंड बंद करतो.

यावरून असे अनुमान निघते की, वादातील वनस्पतीचे कार्य तिच्या रसवीर्यावरून ठरत नाही. ती कोणासमक्ष हाती घेतली जाते आणि तिचा परिणाम कोणावर व्हावयाचा आहे, यांवरून ते ठरते. सभा जिला ओळखते व मान्यता देते ती वनस्पती प्रमाण होते. सभेच्या नकळत येते ती अभिचार होते. उघडपणा हीच या दोहोंमधील सीमारेषा होय.

४. हातातून कनवटीत

ही सीमारेषा एकोणिसाव्या शतकात सरकली. कंपनी सरकारच्या मुलखात हिंदू साक्षीदाराला गंगाजलाची व मुसलमानाला कुराणाची शपथ घ्यावी लागे. या सक्तीमुळे न्यायदानात अडथळे येतात, या कारणास्तव १८४० च्या पाचव्या कायद्याने तिच्या जागी प्रतिज्ञा आणली. तथापि परंपरागत शपथ एकदम हद्दपार झाली नाही. १८७३ च्या शपथ अधिनियमातील आठ ते बारा या कलमांनी तिच्यासाठी एक दार उघडे ठेवले. प्रतिपक्षाने आपल्या समाजात बंधनकारक मानली जाणारी अमुक शपथ घेतली, तर आपण ती मान्य करू, असे एखाद्या पक्षकारास न्यायालयापुढे सांगता येत असे. ती शपथ न्यायाला व सभ्यतेला विघातक नसावी आणि तिचा परिणाम तिऱ्हाइतावर होऊ नये, एवढी अट होती. अशा शपथेवर दिलेली साक्ष आव्हान देणाऱ्यावर निर्णायक पुरावा म्हणून बंधनकारक ठरे.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा हा १८७३ चा कायदा अमलात होता. १९६५ मध्ये विधी आयोगाने आपल्या अठ्ठाविसाव्या अहवालात शपथविषयक कायद्याचा विचार केला आणि १९६९ च्या नव्या अधिनियमात वरील कलमांना स्थान उरले नाही. आज साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. पान, पाणी वा भंडारा यांची न्यायालयाला आवश्यकता नाही.

या बदलाचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. पुराव्याची तपासणी, उलटतपासणी व अपील ही साधने दिव्याहून सर्वथा श्रेष्ठ होत. परंतु या संक्रमणाचा एक परिणाम असा झाला की, सार्वजनिक वनस्पती लोपली आणि खाजगी तेवढी टिकली. बेलभंडाराचे सामर्थ्य सभेच्या मान्यतेत होते. ती मान्यता गेल्यावर त्याचे न्यायिक कार्य संपले. पांढऱ्या रुईच्या मुळाचा गणपती, काळी हळद, पांढरी गुंज अथवा भारलेले लिंबू यांना मात्र सभेच्या मान्यतेची गरज कधीच नव्हती. त्यामुळे कायदा बदलूनही त्यांचे काही बिघडले नाही.

५. अमेरिकेतील समांतर परंपरा

हूडू परंपरेतील कोर्टाची मुळी म्हणजे कुलिंजन. तेथे ती चघळून तिचा रस न्यायालयात थुंकला जाई. हॅरी मिडलटन हायट यांनी मुख्यत्वे १९३६ ते १९४० या काळात कृष्णवर्णीय जाणकारांच्या मुलाखती घेऊन जी माहिती जमवली, ती १९७० ते १९७८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाली. तीत कोर्टकचेरीसाठीच्या अनेक प्रयोगांची नोंद आहे. कुलिंजन हे हळदीच्याच कुळातील असून आयुर्वेदात ते कंठास व स्वरास हितकर मानले आहे. वेखंडाचीही हीच कथा. महाराष्ट्रात मुलाची वाणी स्पष्ट व्हावी म्हणून वेखंड उगाळून चाटवतात. हूडूमध्ये ते दुसऱ्यावर ताबा मिळवण्याचे मूळ समजले जाते.

कौशिकसूत्र व हूडू यांच्यात प्रत्यक्ष ऐतिहासिक संबंध कल्पिण्याचे कारण नाही. दोन्हीकडे वाणी हेच शस्त्र असल्याने उपाय तोंडापाशी येऊन थांबला, हे स्पष्टीकरण पुरेसे आहे. साम्यापेक्षा येथे सामाजिक स्थिती अधिक बोलकी आहे. फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आत्मवृत्तात लिहिले आहे की, कोव्ही नावाच्या क्रूर मालकाच्या हाताखाली असताना सँडी जेंकिन्स या सहकाऱ्याने त्याला एक मुळी दिली. ती उजव्या बाजूस बाळगल्यास कोणीही गोरा मनुष्य चाबूक मारू शकणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. डग्लसचा त्या मुळीवर फारसा विश्वास नव्हता, तरी त्याने ती घेतली. गुलामगिरी असलेल्या राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष ग्राह्य नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुळीचा अर्थ उलगडतो. ज्या तोंडाला कायद्याने साक्ष नाकारली, त्या माणसाच्या हाती मुळीखेरीज फारसे काही उरले नव्हते.

मॅलिनोव्स्की यांनी १९२५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, ट्रोब्रिअंड बेटांवरील लोक सुरक्षित खाजणात मासेमारी करताना जादूचा आश्रय घेत नाहीत; खुल्या समुद्रात जाताना मात्र घेतात. जेथे कौशल्याची सत्ता संपते व अनिश्चितता सुरू होते, तेथे जादू येते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही मराठी म्हण अशाच खुल्या समुद्राचे वर्णन करते. तारखांमागून तारखा, भाषा अपरिचित, खर्च अनिश्चित आणि निकाल परस्वाधीन, अशा स्थितीत सापडलेला पक्षकार मुळी घेतो, ती कायद्याच्या अज्ञानामुळेच घेतो असे नव्हे. जे वकिलाच्याही हाती नाही, त्यासाठी तो ती घेतो.

६. हत्थाजोडीचा धडा

या विषयाला एक गंभीर बाजू आहे. कोर्टात जय मिळवून देणारे दुर्मिळ मूळ म्हणून ‘हत्थाजोडी’ नावाची वस्तू भारतभर विकली जात असे. जोडलेल्या दोन हातांसारखा तिचा आकार असतो. २०१७ मध्ये वन्यजीव संशोधक व तपास यंत्रणा यांच्या प्रयत्नांतून असे उघडकीस आले की, ही वस्तू वनस्पतीचे मूळ नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. म्हणजे दिवाणी दाव्यात यश यावे म्हणून ही वस्तू बाळगणारा पक्षकार नकळत फौजदारी अपराधात सापडतो. कापशी व मुधोळ येथील ज्या घराण्यांनी या प्राण्याचे नाव आडनाव म्हणून मिरवले, त्यांच्या प्रदेशाच्या शेजारी ही गोष्ट विशेषच खेदजनक वाटते.

२०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला. त्याच्या अनुसूचीत विशिष्ट अमानुष व फसवणुकीची कृत्ये अपराध म्हणून सांगितली आहेत. स्वतःजवळ एखादी मुळी बाळगणे हे त्यांत मोडत नाही. कायद्याचा रोख अगतिक माणसावर नसून त्याच्या अगतिकतेचा व्यापार करणाऱ्यावर आहे, आणि तो योग्यच आहे.

७. अभ्यासाची दिशा

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून क्षेत्रीय संशोधनासाठी काही सूचना निघतात. पहिली सूचना नमुन्यासंबंधी आहे. विक्रेत्याने सांगितलेले नाव हे वनस्पतीचे नाव आहे असे गृहीत धरू नये. नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून निश्चित करून घ्यावा. हत्थाजोडीच्या बाबतीत दीर्घकाळ हीच दक्षता घेतली गेली नाही. दुसरी सूचना अशी की, वनस्पतीबरोबर वादाचीही नोंद व्हावी. दावा कोणत्या स्वरूपाचा होता, तो कोणत्या टप्प्यावर असताना मुळी घेतली, ती कोणी सुचवली व तिच्यासाठी किती द्रव्य मोजले, हे प्रश्न ‘कोणती मुळी’ या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. तिसरी सूचना अशी की, उघड शपथ व गुप्त अभिचार यांच्या नोंदी एकत्र मिसळू नयेत. गावपातळीवरील तंट्यांत देवळापुढील शपथ किंवा कोकणातील कौल यांसारखे उघड प्रकार न्यायालयाबाहेर टिकून आहेत, आणि त्यांचे तर्कशास्त्र गुप्त मुळीहून सर्वस्वी निराळे आहे.

कोल्हापुरात या अभ्यासाला एक विशेष संधी प्राप्त झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना त्यापूर्वी उच्च न्यायालयातील कामासाठी मुंबईस जावे लागत असे. अनिश्चितता वाढते तसा मुळीचा आश्रय वाढतो, हा सिद्धान्त खरा असेल, तर न्यायालय जवळ आल्याने व खर्च घटल्याने त्या आश्रयात काही फरक पडावयास हवा. तो न पडल्यास अनिश्चिततेचे मूळ अंतरात नसून विलंबात, भाषेत किंवा पक्षकाराच्या एकाकीपणात आहे, असे मानावे लागेल. दोन्हींपैकी कोणताही निष्कर्ष निघाला, तरी तो लोकविद्येच्या अभ्यासकाइतकाच न्यायव्यवस्थेच्या चालकांनाही उपयोगी पडेल. कनवटीची मुळी दावा जिंकून देत नाही. परंतु पक्षकाराला न्यायालयात नेमके कशाचे भय वाटते, याची ती विश्वसनीय साक्षीदार आहे, आणि त्या नात्याने तिची जबानी नोंदवून घेणे इष्ट होय.